एकदा खोकलं की मीठ

कडी वाजली तेव्हा धर्मा शिगवण विळीवर बसून वांगी चिरत होता. तो टुणकन उठला. त्याच्या जागी त्याची बायको सुलू बसली. धर्माने कमरेचा टॉवेल काढून खांद्यावर टाकला, वर्तमानपत्र हातात घेतलं आणि कामावरून आल्यापासून दुसरं काहीच केलं नसल्यासारखा चेहरा करून दार उघडलं. दारात इंदुबाई पाटील उभी होती. चाळीची मालकीण आणि महिला मंडळाची अध्यक्षीण.

"काय गो सुलू, वांगी चिरतंस? चिर, चिर. माझेसाठी थांबू नको," ती म्हणाली आणि खाटेवर बसली.

आता चिरणं भागच होतं. सुलूने वांगं पात्यावर टेकवलं, जोर दिला, आणि वांगं तिच्या हातातून सुटून घरंगळत इंदुबाईच्या पायाशी गेलं. इंदुबाईने ते उचलून परत दिलं.

"ताजा हाय, म्हणून पलतंय," ती म्हणाली. "ऐक. रविवारी आमचे अंगनात मंडलाचा कार्यक्रम हाय. सोपा घरचा जेवान आणि एक सोपा गोडाचा. सगल्या बायांचेसमोर करून दाखवायचा. मी तुझा नाव सांगून टाकलाय."

"माझं?" सुलू म्हणाली.

"हिचं?" धर्मा वर्तमानपत्रामागून म्हणाला.

"मग काय माझा? दुर्गा सांगत व्हती, भिंतीपलीकडशी नुसता वास आला तरी तिचा घरवाला दोन चपात्या जास्त खातो. मसालेभात कर आणि केल्यांचा शिरा. बायांनी घरोघरची रेशनची साखर वाटी वाटी काढून दिलीय. न्हाय बोलू नको."

इंदुबाईला नाही म्हणणारा माणूस अजून भाईंदरात राहायला आला नव्हता. ती गेली, धर्माने दार लावलं आणि दोघं एकमेकांकडे बघत बसली.

खरी गोष्ट अशी होती की सुलूला स्वयंपाक येत नव्हता. आई लहानपणीच गेलेली, वडील शाळामास्तर, दोन्ही वेळचा डबा शेजारून यायचा. ती स्वतः शिकून मास्तरीण झाली, मुर्ध्याच्या शाळेत लागली, पाढे आणि कविता तिच्यासारख्या कुणाला शिकवता येत नसत. पण लग्नानंतर पहिल्या आठवड्यात तिने केलेल्या आमटीत डाळ तळाशी बसली होती आणि पाणी वर उभं होतं, दोघांची ओळखच झाली नव्हती. धर्माने ती मुकाट्याने खाल्ली आणि दुसऱ्या दिवशी पळी आपल्या हातात घेतली. तो रत्नागिरीकडचा. लग्नाआधी लालबागला गाववाल्यांच्या खोलीत राहायचा. तिथे पाळीपाळीने रांधायचं असा नियम होता, पण बाकीच्यांच्या पाळीचं जेवण खाण्यापेक्षा त्याने सगळ्याच पाळ्या आपल्याकडे घेतल्या होत्या. कारखान्याची पहिली पाळी सुटली की तो चारला घरी यायचा, सुलू शाळेतून सहाला. तोवर आमटी उकळलेली असायची.

हे चाळीला कळता कामा नये, असं दोघांचं ठरलं होतं. कारण मागच्या गल्लीतल्या राघोने एकदा, बायको आजारी म्हणून, तिचं लुगडं दोरीवर वाळत घातलं होतं. ते पत्ते खेळणाऱ्या मंडळींनी पाहिलं. तेव्हापासून राघोला सगळे 'राघोवहिनी' म्हणत. राघोच्या मुलीचं लग्न झालं, तिला मुलगा झाला, तरी वहिनी काही सुटली नाही. हे नाव ठेवलं होतं शेजारच्या रामूने. रामू म्हणजे दुर्गाचा नवरा, भिंतीपलीकडून वास घेऊन दोन चपात्या जास्त खाणारा.

"मी आजारी पडते," सुलू म्हणाली.

"इंदुकाकू डॉक्टर घेऊन येईल."

"मग खरं सांगून टाकू?"

धर्माच्या डोळ्यांसमोर राघो उभा राहिला. "नको," तो म्हणाला. "मी शिकवतो. अजून चार दिवस आहेत."

सुलू हुशार विद्यार्थिनी निघाली. पहिल्याच संध्याकाळी तिने सगळी कृती पाठ केली आणि कवितेसारखी म्हणून दाखवली. तेल, मोहरी, हिंग, हळद, सुक्या मिरच्या, तोंडली, तांदूळ, गोडा मसाला. रवा तुपावर गुलाबी, केळं कुस्करून, दूध गरम, साखर शेवटी. एक शब्द चुकत नव्हता. अडचण फक्त दोन ठिकाणी होती. मीठ किती आणि पाणी किती, हे तिला पातेल्यात बघून काही केल्या समजेना.

"अंदाजाने घालायचं," धर्मा म्हणाला.

"अंदाज म्हणजे किती?"

"म्हणजे... हाताला कळतं."

"माझ्या हाताला नाही कळत. तुम्ही तिथे पाहिजे."

बायकांच्या कार्यक्रमात पुरुष कसा जाणार? पण ती सोयही झाली. इंदुबाईने भाड्याने लाऊडस्पीकर ठरवला होता. लाऊडस्पीकरवाल्या सदूला त्याच दिवशी उत्तनला लग्नाचं आमंत्रण आलं, तेव्हा धर्मा पुढे होऊन म्हणाला, "काकू, मशीन मी सांभाळतो. बायकांना त्रास नको, मी आपला चादरीच्या आड बसेन."

खुणाही ठरल्या. धर्मा एकदा खोकला की सुलूने एक मूठ मीठ घालायचं. दोनदा खोकला की एक तांब्या पाणी. "सोपं आहे," सुलू म्हणाली. "शाळेत पहिलीतली मुलंसुद्धा करतील."

रविवारी दुपारी इंदुबाईचं अंगण भरून गेलं. चाळीतल्या बायका पुढे, गावातल्या मागे, स्टेशनकडच्या दोन गुजराती बायका खुर्च्यांवर. मध्ये तीन दगडांची चूल, चुलीवर हंड्याएवढा टोप. चुलीमागे वलणीवर चादर टाकली होती आणि चादरीमागे मशीन घेऊन धर्मा बसला होता. चादरीला पडलेल्या भोकातून त्याला टोप चांगला दिसत होता. कर्णा चिंचेला बांधला होता. त्याचं तोंड चाळीकडे होतं, जिथे ओट्यावर रामू आणि मंडळींचा पत्त्यांचा डाव बसला होता.

मशीनला दोन बटणं होती. एक गाण्यांच्या तबकडीचं, एक माइकचं. सदूने जाताना ते नीट समजावून सांगितलं होतं आणि धर्माने, मनात मिठाचा हिशेब चाललेला असल्यामुळे, नुसती मान हलवली होती.

इंदुबाईने माइक हातात घेऊन स्वागत केलं. माइक शिट्टी मारू लागला. तिने तो चादरीखालून मागे ढकलला. "धर रे तुझा ह्यो! आमच्या मास्तरणीचा आवाज बिनमाइकचा खाडीपलीकडं जातो."

धर्माने माइक मांडीवर घेतला आणि एक बटण बंद केलं. ते तबकडीचं होतं.

सुलूने पदर खोचला. पुढे बसलेल्या बायका पाहिल्यावर तिची भीती गेली. तो वर्गच होता. "सगळ्यांनी लक्ष द्या," ती म्हणाली आणि बायकांची कुजबुजसुद्धा थांबली. "आधी तेल. तेल तापलं की मोहरी. मोहरी तडतडली पाहिजे. काय झाली पाहिजे?"

"तडतडली पाहिजे," बायका म्हणाल्या.

मोहरी तडतडली. हिंग पडला, हळद पडली. चादरीमागे धर्मा खूश झाला. मग सुलूने सुक्या मिरच्या टाकल्या, आणि मसाला तोंडल्या-तांदळानंतर टाकायचा हे विसरून, सगळा गोडा मसाला त्या धुमसत्या तेलात ओतला.

भपकन धूर उठला. वारा खाडीवरून येत होता. त्याने तो धूर उचलून सरळ चादरीमागे नेला.

"खॉक्," धर्मा तोंड बाजूला करून खोकला.

सुलूने लगेच एक मूठ मीठ टाकलं. "आता मीठ," तिने वर्गाला सांगितलं.

"खॉक्, खॉक्."

"आता एक तांब्या पाणी."

"तांदूळ कुठाय, बाई?" पहिल्या रांगेतून दुर्गाने विचारलं. सुलूने घाईने तोंडली आणि तांदूळ टोपात ढकलले. तेवढ्यात वाऱ्याने दिशा बदलली आणि धूर अंगणात पसरला. दुर्गा खोकली. इंदुबाई खोकली. खुर्च्यांवरच्या गुजराती बायकांनी पदर तोंडाला लावले आणि त्याही खोकल्या. पाठीमागून कुणीतरी लागोपाठ सहा वेळा खोकलं. सुलूच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. कोणता खोकला नवऱ्याचा आणि कोणता मंडळाचा, हे ऐकून ओळखण्याची सोय उरली नव्हती. पण ती गणिताची मास्तरीण होती. तीन खोकले झाले तर एक मूठ मीठ आणि एक तांब्या पाणी. पाच झाले तर एक मूठ, दोन तांबे. तिचा हात मिठाच्या परातीतून टोपात, पाण्याच्या कळशीतून टोपात असा यंत्रासारखा चालू लागला.

"बाई, इतकं मीठ?" दुर्गाने ठसका आवरत विचारलं.

"आमच्याकडे अशीच पद्धत आहे."

"आमच्याकडे मिठागरात असते अशी," दुर्गा म्हणाली आणि पुन्हा खोकली. सुलूने आणखी एक मूठ टाकली.

चादरीमागे धर्माला हे भोकातून दिसत होतं. ओरडावं तर बिंग फुटतं, आणि गप्प बसावं म्हटलं तर खोकला थांबत नव्हता. तो तोंडावर हात दाबत होता, त्यामुळे उलट जास्तच उबळ येत होती आणि प्रत्येक उबळीला समोर एक मूठ मीठ पडत होतं. शेवटी त्याला राहवलं नाही. तो चादरीच्या भोकाशी वाकला, मांडीवरचा माइक तोंडाशी आला, आणि तो अगदी हळू आवाजात कुजबुजला,

"सुलू! मीठ नको! हा खोकला खरा आहे!"

चिंचेवरचे कावळे उडाले. कर्ण्यातून तो आवाज अंगणावरून, चाळीवरून, स्टेशनपर्यंत गेला. पत्त्याच्या डावात रामूच्या हातातली पानं तशीच राहिली. "धर्माचा आवाज," तो म्हणाला. "काय झालं रे त्याला?" आणि सगळा डाव उठून इंदुबाईच्या अंगणाकडे पळाला.

इकडे अंगणात इंदुबाई उठली, चुलीला वळसा घालून गेली आणि तिने चादर ओढली. धर्मा माइक हातात घेऊन उकिडवा बसलेला सगळ्यांना दिसला.

पळून जायला मागे वाट होती. त्याने तिकडे पाहिलंही. मग त्याने सुलूकडे पाहिलं. ती मुठीत मीठ घेऊन उभी होती, नाक लाल, पदर भिजलेला, पन्नास बायका तिच्याकडे बघताहेत. आणि त्याला भात खदखदताना ऐकू आला. एवढा भात वाया जाणार, हे काही त्याला सहन होईना.

"बाजूला हो," तो पुढे येत म्हणाला. "लाकडं ओढ. जाळ कमी कर आधी. काकू, घरात साधा भात आहे का शिजवलेला?"

"मिठागरावरच्या गड्यांचेसाठी भरून ठेवलाय टोप," इंदुबाई म्हणाली. ती इतकी चकित झाली होती की प्रश्न विचारायचंच विसरली.

"तो आणा. नारळ खवा कुणीतरी. लिंबं पाहिजेत, आणि बटाटे. दुर्गावहिनी, बघत काय बसलात, बटाटे सोला!"

बायका उठल्या. धर्माने खारट भातातलं पाणी ओतून काढलं, तो साध्या भातात मिसळला, बटाट्याच्या फोडी आत खुपसल्या, वरून लिंबू पिळलं. माइक अजून त्याच्या काखेत होता. "हलक्या हाताने, हलक्या हाताने," तो भाताला समजावत होता. "शीत मोडायचं नाही. असं. आता झाकण, आणि याला कुणी हात लावायचा नाही." स्टेशनवर गाडीची वाट बघणारी माणसंही ते ऐकत होती.

मग त्याने कढई चढवली. तूप सोडलं, रवा टाकला. रवा भाजायला लागला की धर्मा जगाला विसरत असे. "घाई करायची नाही," तो म्हणाला. "घाई केली की रवा आतून कच्चा राहतो आणि वरून करपतो. वास आला की केळं. वास येईल, तो लपत नाही."

वास आला. आणि त्याबरोबर कुंपणाच्या भिंतीवरून हाक आली.

"धर्मावहिनी! आम्हालाही वाढा की!"

भिंतीवर सगळा पत्त्यांचा डाव चढून बसला होता. मध्ये रामू. पुरुष खो खो हसायला लागले. धर्माचा हात कढईत थांबला. त्याच्या कानशिलापर्यंत लाली चढली. रवा गुलाबीचा तांबूस होऊ लागला तरी त्याला कालथा हलवता येईना.

सुलूने त्याच्या काखेतला माइक काढून घेतला. तिला खरं तर त्याची गरज नव्हती.

"मला स्वयंपाक येत नाही," ती म्हणाली आणि ते चिंचेवरून सगळ्या भाईंदरला ऐकू गेलं. "आमच्या घरी हे करतात. रोज करतात. आजवर तुम्ही ज्याला माझ्या हाताची चव म्हणालात ना, तो हात यांचा. मला लाज वाटते ती एवढीच, की मी हे लपवलं. आणि तुम्ही हलवा हो, करपतोय तो."

धर्माने भानावर येऊन कालथा फिरवला आणि केळं, गरम दूध, साखर घातली.

भिंतीवर हसणं चालूच होतं. पण दुर्गा अर्धवट सोललेला बटाटा हातात धरून उठली आणि भिंतीपाशी जाऊन उभी राहिली.

"अहो," तिने रामूला विचारलं, "तुम्हाला काय काय येतं करायला?"

"मला?" रामू म्हणाला. "मला कशाला यायला पाहिजे?"

"चहा येतो?"

"चहा... म्हणजे पाणी उकळतं ना, ते..."

"साखर कुठल्या डब्यात असते आपल्या घरात?"

रामूने शेजारच्याकडे पाहिलं. शेजाऱ्याला स्वतःच्या घरातल्याच साखरेचा पत्ता नव्हता. अंगणातल्या बाकीच्या बायकाही आता भिंतीकडे वळल्या होत्या. त्या आपापल्या नवऱ्याला शोधून त्याच्याकडे बघत होत्या. भिंतीच्या टोकाला बसलेला एकजण हळूच पलीकडे उतरला. मग दुसरा. थोड्या वेळाने भिंतीवर एकटा रामू राहिला, कारण त्याच्या धोतराचा सोगा भिंतीतल्या खिळ्यात अडकला होता.

"ए पलून नका जाव रे!" इंदुबाई ओरडली. तिने मसालेभाताचा घास तोंडात टाकला होता, त्यावर शिऱ्याचा. तिने दोन्ही चावले, डोळे मिटले, आणि उघडले तेव्हा निकाल लागला होता. "म्होरचे रविवारी शाला भरंल. हितंच. पुरसांची. ज्याला चालीत ऱ्हायाचा हाय त्यानं यायचा. एक गोड पदार्थ शिकायचा आणि रातचा घरी करून वाढायचा."

"धर्मा शिकवणार?" भिंतीवरून रामूने विचारलं.

"न्हाय. पुरसांनी पुरसाला शिकविला तर तुम्ही पत्ते काढाल. शिकवील आमची मास्तरीण."

"काकू, मला येत नाही म्हणून आत्ताच तर सांगितलं!" सुलू म्हणाली.

"तुला शिकवायला येतंय ना? मग झाला."

पुढच्या रविवारी अंगणात चाळीतले झाडून सगळे पुरुष मांडी घालून बसले. प्रत्येकासमोर घरची कढई आणि शेगडी. बायका त्याच भिंतीवर रांगेने बसल्या होत्या. त्यांच्यासाठी इंदुबाईने शेंगदाणे फिरवले होते. सुलू पाठीमागे हात बांधून रांगांमधून फिरत होती. धर्मा केळी आणायला बाजारात गेला होता, त्यामुळे त्याला उशीर झाला. तो येऊन पुढे बसू लागला.

"उशिरा आलेल्यांनी मागे बसायचं," सुलू म्हणाली.

"अगं, पण मी..."

"मागे."

धर्मा मागे बसला. "तूप घाला," सुलूने सांगितलं. "रवा घाला. रवा कसा झाला पाहिजे?"

"गुलाबी!" पुरुष ओरडले.

धर्माच्या नाकाला आधी कळलं. त्याने हात वर केला. सुलूने तिकडे लक्ष दिलं नाही. त्याने हात हलवला. "बाई," तो अखेर म्हणाला, "रामूचा रवा लागतोय. सगळ्यांचाच लागतोय. शेगड्या फार..."

"मध्ये बोलायचं नाही," सुलू म्हणाली. "ज्याला विचारीन त्यानेच सांगायचं. रामू, तू सांग. गुलाबी झाला?"

रामूने कढईत खोलवर पाहिलं. "झाला, बाई," तो म्हणाला. "गुलाबी होऊन पुढे गेला."

त्या संध्याकाळी चाळीतल्या प्रत्येक घरात काळपट, कडवट, गुठळ्यांचा शिरा झाला. रामूने दुर्गासमोर ताट ठेवलं आणि तो दाराकडे बघत उभा राहिला, शिव्या सुरू झाल्या की सटकता यावं म्हणून. दुर्गाने एक घास घेतला. दुसरा घेतला. तिने ताट पुसून पुढे केलं.

"अजून आहे का हो?" तिने विचारलं.

"तुला आवडला?" रामूचा विश्वास बसेना.

"ते मला माहीत नाही," दुर्गा भिंतीला टेकत, पाय पसरत म्हणाली. "पण लग्न झाल्यापासून बसल्या जागी ताट आलं नव्हतं. वाढा."